लांबच्या फेरीवर

आमच्या जमातीत एक नियम आहे. तो कुठे छापलेला नाही, त्यावर कुणी कुणाची सही घेत नाही, तरी सगळे पाळतात. एखादा जपानी व्हिडिओ गेम आपल्या भाषेत आलाच नसेल, तर घरी बसून, फुकट, डोळ्यांची वाट लावून आपणच त्याचं भाषांतर करायचं. आणि ज्या दिवशी एखादी कंपनी जाहीर करेल की हा गेम आता आम्ही तुमच्या भाषेत आणतोय, त्या दिवशी आपलं काम इंटरनेटवरून निमूटपणे खाली उतरवायचं. लोकांना सांगायचं, आमचं वापरू नका, दुकानातलं घ्या. हा नियम मी वीस वर्षं पाळला, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच नियमानं मला तोंडावर आपटलं.

मी हॉल्गर. ड्यूसेलडॉर्फमध्ये ट्राम चालवतो, बहुतेक सकाळची पाळी. दुपारी घरी येतो आणि जपानी वाचतो. हे माझं आयुष्य, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

आधीच सांगतो, मी त्या कपडे मोजणाऱ्यांतला नाही. आमच्या फोरमवर तशी एक टोळी आहे. जर्मन आवृत्तीत एखाद्या बाईच्या झग्याचा गळा दोन बोटं वर सरकला की ह्यांना संस्कृती बुडाल्याचा साक्षात्कार होतो. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही. पण मी ज्या देशात वाढलो तिथे खेळातले सैनिक सैनिक नसायचे, यंत्रमानव असायचे, कारण माणसं मेलेली पोरांना दिसू नयेत. रक्त हिरवं असायचं. आम्ही शहाणी पोरं न कापलेली आवृत्ती ऑस्ट्रियातून मागवायचो आणि पार्सल आलं की शाळेचं पुस्तक आहे म्हणून आयांना थाप मारायचो. कापाकापीची मला सवय आहे. मला चीड येते ती कापून वर साळसूदपणे ‘काही कापलं नाही’ म्हणणाऱ्यांची.

आता त्या गेमबद्दल. ‘मिसाकी नो हि’, म्हणजे भूशिरावरचा दिवा. जुना, शांत, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. त्यात मारामारी नाही. एका बेटावर तुम्ही पोस्टमन असता, पत्रं वाटता, लोकांची जाळी दुरुस्त करता, धक्क्यावर येणाऱ्या बोटींची नावं वहीत टिपता. बेटावर दीपगृह सांभाळणारी ओत्सुने नावाची बाई असते. तिचा नवरा समुद्रावर गेलेला. रोज संध्याकाळी ती साकेचे, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूचे, दोन पेले भरते, एक स्वतःसमोर, एक नवऱ्याच्या बसायच्या रिकाम्या उशीसमोर, आणि त्या दुसऱ्या पेल्याशी कचाकचा भांडते. छप्पर गळतंय, तेल संपलंय, तुला काय त्याचं. आणि एके दिवशी, गेम जवळजवळ संपत आलेला असताना, ती दोन्ही पेले स्वतः रिकामे करते आणि म्हणते, "तू मेलास. आज तुझ्या वाटचीही मीच पिते."

त्या गेमची कॅसेट मला पंधराव्या वर्षी मिळाली. इथल्या जपानी कंपन्यांतली कुटुंबं मायदेशी परतताना घरातलं सामान विकतात, तशाच एका घरातून मी ती उचलली. तेव्हा मला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ती बाई दोन्ही पेले प्याली तेव्हा मला सगळं कळलं, आणि मी मोठ्यानं रडलो. का, ते सांगायला हवं.

माझे बाबा ऱ्हाईन नदीवर मालवाहू बोटीवर होते. मी सहा वर्षांचा असताना, मार्चमधल्या एका धुक्याच्या सकाळी, कोब्लेंझजवळ ते बोट आणि धक्का यांच्यामध्ये पडले. हे मला कळलं नवव्या वर्षी, शाळेतल्या एका भांडणात, दुसऱ्याच पोराच्या तोंडून. तोवर आई एकच सांगायची, "बाबा लांबच्या फेरीवर गेलेत. माल उतरवला की येतील." अंत्यविधीच्या दिवशी मला गेर्डा मावशीकडे पाठवलं होतं. तिनं मला दिवसभर केक खाऊ घातला. मी तीन वर्षं शाळा सुटली की धक्क्यावर जाऊन उभा राहायचो आणि येणाऱ्या प्रत्येक बोटीचं नाव वाचायचो. वाचायला मी खरं तर तिथेच शिकलो.

कळल्यानंतरही आमच्या घरात ‘मेले’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. मला कळलंय हे आईला कळलं, तिला कळलंय हे मला कळलं, आणि आम्ही बटाटे सोलत बसलो. आई आता शहात्तर वर्षांची आहे. तो शब्द अजून यायचाच आहे.

हे सगळं मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. इमकेला. आमची ओळख जपानीच्या संध्याकाळच्या वर्गात झाली. ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती, आता इथल्या जपानी पुस्तकांच्या दुकानात मुलांचा विभाग सांभाळते. ती, मी आणि बेर्ट्राम, जो गेमच्या पोटात हात घालून शब्द बदलण्याचं तांत्रिक काम करायचा, अशा तिघांनी सात वर्षं खपून ‘भूशिरावरचा दिवा’ जर्मनमध्ये आणला. ओत्सुनेच्या त्या एका वाक्यावर आम्ही तीन महिने भांडलो. इमकेला ‘तू गेलास’ हवं होतं. ‘मेलास’ फार कडक होतं म्हणे. शेवटी मी तिला बाबांचं सांगितलं, धक्क्याचं, मावशीच्या केकचं, आईच्या त्या वाक्याचं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग ‘मेलास’च. दुसरं काही लिहायचंच नाही."

आमची फाईल चार हजारांवर लोकांनी उतरवून घेतली. पण जिच्यासाठी मी जपानी शिकलो तिला ती वापरता येईना. फाईल कम्प्युटरवर चढवा, जुना गेम शोधा, दोन्ही जोडा, हे आईला जमणारं नव्हतं. मी शेजारी बसून दाखवलं असतं. पण मला शेजारी बसायचं नव्हतं. तो शब्द आईसमोर मला उच्चारायचा नव्हता, तो ओत्सुनेनं उच्चारावा, आणि आईनं एकटीनं, चष्मा लावून, आपल्या गतीनं वाचावा, एवढीच माझी इच्छा होती. एवढ्यासाठी एवढा खटाटोप म्हणाल तर हो, एवढ्यासाठीच.

गेल्या ऑक्टोबरात एका कंपनीनं जाहीर केलं की ‘भूशिरावरचा दिवा’ नव्या रूपात, हातात धरायच्या यंत्रावर, जर्मन भाषेत येतोय. आईकडे ते यंत्र होतं. साथीच्या दिवसांत मी तिला पत्ते लावायला म्हणून घेऊन दिलं होतं. मी ट्राम डेपोत उभा राहून दोन सहकाऱ्यांना मिठी मारली. त्यांना काही कळलं नाही.

त्याच दुपारी इमके माझ्याकडे आली. जपानी बेकरीतले गोड पाव घेऊन.

"हॉल्गर, नियम," ती म्हणाली.

"माहितेय गं. पण आधी बघू तर दे, कापतात की काय."

"कापणार नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

"आतल्या माणसानं. मी चौकशी केलीय."

"ओत्सुने?"

"ओत्सुने आहे तशी आहे. अरे, मी तुला ओत्सुनेबद्दल खोटं सांगेन का?"

मी पाव खाल्ला आणि फाईल खाली उतरवली. वर फोरमवर माझ्या नावानं लिहिलं, ‘मित्रहो, आमचं काम संपलं. दुकानातला गेम घ्या. एक शब्दही कापलेला नाही, हा माझा शब्द.’ वीस वर्षांत मी कुणाला गंडवलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. मी तीन प्रती मागवल्या. एक मला, एक बेर्ट्रामला, आणि एक थेट आईच्या पत्त्यावर.

फेब्रुवारीत एका गुरुवारी गेम आला. मी रजा टाकली होती. डबीवर कोपऱ्यात पिवळा शिक्का होता, सहा वर्षांवरील मुलांसाठी. तो मी दोनदा वाचला, कारण मूळ गेम बारा वर्षांच्या आतल्या पोरांना कुणी देणार नाही. तरी मी स्वतःला समजावलं. इमकेनं सांगितलंय ना.

मला सगळ्या वाटा पाठ असल्यामुळे शनिवारी सकाळी मी दीपगृहापाशी पोचलो. ओत्सुने बसली होती. समोर दोन कप. चहाचे. त्यातून वाफ येत होती, नवी, मोठ्या हौसेनं काढलेली वाफ. ती दोन्ही कप प्यायली, रिकाम्या उशीकडे बघून हसली आणि म्हणाली, "तो लांबच्या फेरीवर गेलाय. माल उतरवला की येईल."

मी यंत्र टेबलावर ठेवलं. हात धुतले. का धुतले, ते माहीत नाही. परत येऊन पुन्हा वाचलं. दीपगृहवाल्या बाईचा नवरा मासेमार होता हो. मासेमार कुठला माल उतरवतो? जपानीत ते वाक्य नाही, कुठल्या इंग्रजी आवृत्तीत असायचं कारण नाही, जगाच्या पाठीवर कुठे ते असेल तर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात. आणि तिथून ते मी स्वतःच्या तोंडानं एकाच ठिकाणी नेलं होतं. मग मी तो गेम न थांबता शेवटपर्यंत खेळलो, फक्त नावं बघायला. आमच्यासारखे लोक शेवटची नावं उठून न जाता वाचतात. जर्मन संवाद, इमके ओल्टमान्स.

बेर्ट्रामचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. मी उलट केला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं."

"फोरमवर जाऊ नकोस आज."

अर्थातच मी गेलो. चार हजार लोकांनी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली होती. कपडे मोजणारे सगळ्यात पुढे. ‘हॉल्गरला किती मिळाले?’, ‘हॉल्गरचा शब्द सहा वर्षांवरील मुलांसाठी’. हे दुसरं मला विनोदी वाटलं असतं, एरवी. एका शांत माणसानं, ज्याला मी दहा वर्षं नुसत्या टोपणनावानं ओळखतो, फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘तू सांगितलंस म्हणून तुमचा सोडून, मुलीबरोबर दुकानातला खेळायला मी थांबलो होतो.’

सोमवारी पाळी संपल्यावर मी गणवेशातच पुस्तकांच्या दुकानात गेलो. इमके चित्रांची पुस्तकं लावत होती. मला पाहून तिनं हातातलं पुस्तक छातीशी धरलं.

"बस आधी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"हॉल्गर, लोक आहेत इथे."

"असू देत. कधीपासून, इमके?"

"जूनपासून."

"म्हणजे ऑक्टोबरात गोड पाव घेऊन आलीस तेव्हा..."

"करारावर सही झाली होती. बोलायची बंदी होती. कागदावर होतं तसं."

"बोलायची बंदी होती, मान्य. खोटं बोलायची सक्ती पण होती का कागदावर?"

ती भराभर बोलायला लागली, बहुधा पाठ करून ठेवलं असावं. "त्यांना सहाचा शिक्का हवा होता. दारू नको, मरण नको. बेचाळीस जागांवर लाल खुणा करून पाठवल्या होत्या त्यांनी. एक्केचाळीस मी भांडून वाचवल्या, हॉल्गर. एक्केचाळीस! माझ्या जागी दुसरा कुणी असता तर सगळं सपाट केलं असतं. तुला कल्पना नाही."

"आणि जी गेली ती नेमकी हीच?"

"हीच वाचण्यासारखी नव्हती. तूच विचार कर, सहा वर्षांचं पोर..."

"मी होतो सहा वर्षांचं पोर," मी म्हणालो. एक बाई पुस्तक परत ठेवून निघून गेली.

"बरं, कापलंस तर कापलंस," मी म्हणालो. "पण ते वाक्य?"

"चार वाजेपर्यंत द्यायचं होतं. दोनच ओळी, तेवढ्याच लांबीच्या. डोकं चालेना. मग..."

"मग माझी आई आठवली."

"मला वाटलं, निदान कुणीतरी खरोखर बोललेलं आहे. प्रेमानं बोललेलं." तिचे डोळे भरले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते अश्रू खरे होते. "मला वाटलं, तुला आवडेलसुद्धा कदाचित."

मी पुष्कळ बोलणार होतो. ट्राम चालवताना तोंडपाठ केलं होतं. ‘फाईल खाली उतरवायची घाई तुला का होती ते आता कळलं’, ‘आपलं ‘मेलास’ बाजारात असतं तर तुझा चहा कुणी प्यायला असता’, असं बरंच. त्यातलं काही बोललो नाही. तिच्या हातातलं पुस्तक घेऊन फळीवर नीट लावलं आणि बाहेर पडलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ती दिसली की मी रस्ता बदलतो, आणि ट्राममध्ये असलो की रस्ता बदलता येत नाही म्हणून समोर बघतो.

घरी येऊन बेर्ट्रामला फोन केला. "फाईल आहे का रे तुझ्याकडे?"

"मी काय वेडा आहे पुसायला?"

"परत वर चढव."

"नियम?"

"नियम मरू दे."

वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही नियम मोडला. मी खाली लिहिलं, ‘माझा शब्द खोटा ठरला. हे खरं वाक्य. ज्यांना हवं त्यांनी घ्यावं.’ इमकेचं नाव लिहिलं नाही. ते त्यांनी तोवर शोधलंच होतं. दोन दिवसांत फोरम थंडावला, काहींनी माफीही मागितली, आणि मी जिंकलो असं बेर्ट्राम म्हणाला.

राहिली आई. तिची प्रत तिच्याकडे पोचली होती आणि ती खेळत होती. दर रविवारी मी गेलो की बेटावरच्या बातम्या सांगायची. आज अमक्याचं पत्र पोचवलं, तमक्याची म्हैस सापडली. म्हैस नव्हती ती, पण असो. तिला मी इतकं रमलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक रविवारी ठरवायचो, आज सांगू, हा गेम ठेवून दे, मी दुसरी आवृत्ती आणतो. आणि प्रत्येक रविवारी केक खाऊन परत यायचो.

मार्चमध्ये ती दीपगृहापाशी पोचली.

मी कॉफी ओतत होतो. ती मोठ्यानं वाचायची, तिला तशीच सवय. "तो लांबच्या फेरीवर गेलाय," तिनं वाचलं. मग थांबली. मग पुढचं, अगदी हळू. "माल उतरवला की येईल."

मी कॉफी बशीत सांडली. आईनं यंत्र मांडीवर ठेवलं, चष्मा काढला आणि ती टेबलक्लॉथचा कोपरा चुरत बसली.

"बघ, हॉल्गर," ती म्हणाली. "तिकडे पण असंच म्हणतात."

मी फडक्यानं बशी पुसली.

"मला चाळीस वर्षं वाटत आलंय की मी तुझं वाटोळं केलं. गेर्डा म्हणायची, सांगून टाक, पोर आहे, सोसेल. मला नाही जमलं रे. तू रोज त्या धक्क्यावर जायचास आणि मी खिडकीतून बघायची. तुला वाटत असेल मला माहीत नव्हतं." तिनं नाक पुसलं. "तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. पण मनात धरलं होतंस. आईला कळतं."

"आई..."

"थांब. मला एक सांग. तू सारखा म्हणतोस ना, ही माणसं बदलतात, मुळातलं काढून टाकतात. हे मुळात आहे का? जपानीत पण ती असंच म्हणते?"

हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी कुणीतरी मला विचारावा म्हणून मी जपानी शिकलो होतो. सात वर्षं, तीन महिन्यांची भांडणं, चार हजार लोकांपुढे मोडलेला नियम, सगळं त्या एका उत्तरासाठी. उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं. आई डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी सहाव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"हो आई," मी म्हणालो. "जपानीत पण असंच आहे. एक शब्द बदललेला नाही."

तिनं सुस्कारा सोडला. मग डोळे कोरडे केले, चष्मा लावला, माझ्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा ठेवला आणि यंत्र उचललं. मी तो केक खाल्ला.

"आणि येतो ना तो शेवटी?" तिनं न बघता विचारलं. "तो नवरा?"

गेममध्ये पुढे नवरा कुठेच नाही. येणार कुठून?

"माल उतरवला की येईल," मी म्हणालो.

आईनं मान डोलावली. पोस्टमनला दीपगृहावरून खाली उतरवलं, धक्क्यावर नेऊन उभं केलं, आणि येणाऱ्या बोटींची नावं एकेक करून मोठ्यानं वाचायला लागली.